मले बाय नको

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर कुंदन मला पहिल्यांदा भेटला, आणि मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. प्रेमाची सुरुवात अशी करू नये म्हणतात. पण माझ्या रागाला कुणी रीतभात शिकवलेली नव्हती, आणि त्या सकाळी तर तो अकोल्याला गाडीत बसल्यापासूनच उतू जात होता.

रागाचं कारण माझ्या हातातच होतं. अमरावतीच्या एका पेपराची घडी, आणि तिच्यावर मथळा – ‘कोणता झोन भारी?’

आमच्या विद्यापीठात मुलींच्या फुटबॉलचे दोन झोन. एक अमरावती, दुसरा अकोला. आधी आपापल्या झोनमध्ये कॉलेजं खेळणार, मग दोन्ही झोनचे निवडक संघ एकमेकांशी भिडणार, आणि त्यातून सोळा जणींचा विद्यापीठाचा संघ निघणार. आठ त्यांच्या, आठ आमच्या. लेख लिहिणाऱ्या शहाण्याने दोन्ही झोन तराजूत घातले होते. अमरावतीत कॉलेजं जास्त, सामने अटीतटीचे. अकोल्यात टीमच मोजक्या, आणि जिंकलेली टीम तर फायनल न खेळताच जिंकलेली. शेवटी टाळी घेणारं वाक्य – ‘अकोला झोन मैदानावर नाही, बायवर चालतो!’

बाय म्हणजे काय, तर समोरची टीम आलीच नाही की आपण न खेळता पुढे जातो. पुस्तकात त्याला वेगळा शब्द आहे, पण आमच्याकडे सगळ्याला बायच म्हणतात. ती बाय मिळालेली टीम आमची होती. कर्णधार मी, गीतांजली. घरी फुलांची शेती, आणि डोकं मात्र मिरचीचं, असं आमची आई म्हणायची.

“मूर्ख हाय हा मानूस!” मी तुबाला म्हणाले. तुबा आमची गोलकीपर. तिच्या अब्बांचं अकोल्यात गाद्या भरायचं दुकान, आणि ती स्वतः गादीसारखीच शांत.

“जाने दे ना,” ती म्हणाली. “पेपर हाय. उद्या त्याच्यात भजे बांधतीन.”

“शेवटचं वाक्य नाई आवडलं वाटते?” शेजारच्या बाकावरून आवाज आला.

मी वळले. एक उंच पोरगा संत्रं सोलत बसला होता. एका भुवईत टाक्यांची जुनी खूण. डोळे – जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर.

“वाक्यच काय, लिहिनाराच नाई आवडला.”

“तुमी तं त्याले पाह्यलंबी नाई.”

“काय पाह्याचं? मूर्ख असन.”

“पाहून घ्या मंग.” तो उठून उभा राहिला. “मीच थो. कुंदन.”

दुसरी कुणी असती तर लाजली असती. मी म्हणाले, “बरं झालं. शोधाचा तरास वाचला. मूर्ख हाय तुमी.”

तो हसला. त्याने अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. “घ्या. राग उतरते.”

“माया राग मले पाह्यजे,” मी म्हणाले. “समोरची टीम काहून नाई आली, विचारलं तुमी?”

“नाई.”

“मंग लिहिलं कायले?”

इतक्यात अमरावतीची शटल लागली, आमची टीम पिशव्या उचलून पळाली. मी दारात चढले तर तो खालून हात हलवत होता, आणि सवयीनं म्हणाला – “बाय!”

डब्यातल्या सगळ्या पोरी फिस्सकन हसल्या. त्याच्याही लक्षात आलं, जीभ चावली त्याने. मी मात्र अमरावती येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

*

आम्ही अमरावतीला गेलो होतो निवड समितीच्या बैठकीला. समितीचे अध्यक्ष खुशालराव सर. त्यांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, की यंदा अकोल्याच्या आठ जागा देता येणार नाहीत. तीन देऊ. पंधरवड्याने दोन्ही झोनची लढत आहे, तिच्यात काही दिसलं तर बघू. त्यांच्या टेबलावर तोच पेपर होता.

आठाच्या तीन! विद्यापीठाच्या संघात आलं की निळा कलर कोट मिळतो. कोट असला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर नाव लागतं. आमच्यातल्या निम्म्या पोरी त्या कोटासाठी पहाटे उठून धावायच्या. मीसुद्धा. मला दुसरं काहीच नको होतं. फुलं तोडून झाली की मी आरशात उभी राहून तो कोट अंगात घातल्यासारखे खांदे ताठ करून बघायची, आणि आई विचारायची, मान अवघडली का गं?

बाहेर आले तर पायऱ्यांवर कुंदन. बैठकीची बातमी घ्यायला आलेला.

“लिहा आता,” मी म्हणाले. “पाच पोरीयचे कोट उतरवले म्हना. अंगात घालाच्या आधीच!”

“तीन जागा मी नाई केल्या.”

“तराजू तं तुमीच देल्ला ना त्यायले?”

खोटं बोलायचा प्रयत्न केला असता तर मला त्याचा राग करणं सोपं गेलं असतं. तो नुसता उभा राहिला, आणि मग हळूच म्हणाला, “कोनाले विचारू? सांगा. विचारतो.”

“रविवारी मूर्तिजापूरले उतरा,” मी म्हणाले. “फायनल दाखवतो तुमाले आमच्या झोनची.”

*

आणि तो उतरला! पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट. मी आमच्या टीमलाही चेंडू घेऊन बोलावलं होतं. स्टेशनवरून चालत आम्ही वच्छलाच्या गावी गेलो. वच्छला म्हणजे फायनलला न आलेल्या टीमची कर्णधार. आजीचं नाव मिळालेली आणि आजीसारखीच कुणाला न भिणारी.

पराटी, म्हणजे कपाशी, पांढरीशुभ्र फुटली होती. कमरेला ओटी बांधून पोरी ओळीनं कापूस वेचत होत्या. त्या ओळीत अख्खी टीम होती. त्यांचा गोल राखणारी, त्यांच्या बचावातल्या, सगळ्या. मधोमध वच्छलाची आई, सत्यभामामावशी.

“हा कोन वो?” मावशींनी विचारलं.

“पेपरवाला हाय,” तुबा म्हणाली.

मावशींचा हात बोंडावरच थांबला. तोंड एकदम उतरलं. “कोनाच्या घरचं?”

कुंदनला कळेना. “काय कोनाच्या घरचं?”

“कोनाच्या घरी झालं, म्हन्तो. आमाले तं… काईच नाई समजलं सकाळपासून.”

ओळ थांबली. सगळ्या पोरी गावाकडे बघायला लागल्या. त्या वर्षांत आमच्या गावांकडे पेपरवाला एकाच कारणासाठी यायचा. कुणी घरातला माणूस गेला, स्वतःच्या हातानं गेला, की दुसऱ्या दिवशी मोटारसायकल यायची, दाराचा फोटो निघायचा, आणि पुन्हा वर्षभर कुणी फिरकायचं नाही. त्याचाही मला राग होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

कुंदनचा चेहरा पांढरा पडला. “नाई, मावशी… कोनाच्याच घरचं नाई. मी – मी फुटबॉलचं विचाराले आलो.”

“फुटबॉलचं?” मावशी बांधावर बसल्या. आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. “जीवच घेतला व्हता रे माया!”

मग कुंदन वच्छलाला म्हणाला, “फायनलले काहून नाई आल्या तुमी?”

“फायनल कवा ठेवली व्हती?” वच्छलाने वेचता वेचता विचारलं.

“दिवाळी झाल्यावर.”

“अन् कापूस कवा फुटते?”

गावातले तरणे हात सुरतेला नाही तर पुण्याला निघून गेलेले. वेचायला माणूस मिळेना. उरल्या होत्या कॉलेजातल्या पोरी. नुसत्या याच गावाचं नाही, अर्ध्या अकोला झोनचं हेच होतं. तारखा ठरवणाऱ्यांनी कधी पराटी बघितली नव्हती.

कुंदनने मावशींकडे ओटी मागितली. इस्त्रीच्या शर्टावर बांधली आणि ओळीत लागला. त्याला वेचता येत नव्हतं. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघाली, केसांत कापूस अडकला. मी शेजारच्या ओळीत होते. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

“असं नाई,” शेवटी माझ्यानं राहवेना. “तीन बोटायनं धर. बोंडाले नाई, कापसाले.”

“तू म्हन्तलं मले,” तो म्हणाला.

“काय?”

“आतापरेंत तुमी व्हतो. आता तू झालो.”

“मूर्खाले कोनी तुमी म्हनते काय?” मी म्हणाले, आणि माझे कान गरम झाले. ऊन होतं म्हणून, असं मी तुबाला सांगितलं.

*

ऊन कललं तेव्हा शेजारच्या वावरात आम्ही ती फायनल खेळलो. सोयाबीन निघून गेलेलं, रान मोकळं. कापसाची गाठोडी ठेवून गोल केले. वच्छलाची टीम अनवाणी, म्हणून आम्हीही बूट काढले. सोयाबीनची धसकटं टोचत होती. पंच कुंदन. शिट्टी नव्हती, तोंडात बोटं घालून वाजवत होता.

काय सांगू कशा खेळल्या त्या! दिवसभर वाकून वेचलेल्या पोरी, पण चेंडू आला की हरणीसारख्या सुटायच्या. पहिला गोल वच्छलाने केला. मी फेडला. सत्यभामामावशी बांधावरून ओरडत होत्या. दोन्ही टीमसाठी. त्यांना कोण कुठली ते कळत नव्हतं.

अंधारायच्या आधी आमच्या गोलपुढे गर्दी झाली. मी मागे धावत आले होते. उडालेला चेंडू माझ्या हाताला लागला. उलीसा. बोटांना वारा लागावा एवढाच. तुबालाही दिसलं नाही, वच्छलालाही नाही.

कुंदनने शिट्टी वाजवली. पेनल्टी.

“काय?” मी त्याच्या अंगावर गेले. “काई बी! कोनालेच नाई दिसलं!”

“मले दिसलं.”

“तुलेच काहून दिसलं?”

“मी तुयाकडेच पाहून राह्यलो व्हतो,” तो म्हणाला.

तुबा गोलमधून खो-खो हसली, आणि हसताना गोलकीपरनं पेनल्टी अडवायची नसते, हे वच्छलाने तिला दाखवून दिलं. चेंडू दोन गाठोड्यांमधून पार पराटीत गेला. दोन-एक. आम्ही हरलो.

मी भयंकर चिडले होते. मला मिळालेली बाय त्या वावरात माझ्या हातून काढून घेतली गेली होती, आणि ती त्याने काढली होती. तो शिट्टी न वाजवता राहू शकला असता. मी खूश झाले असते. आणि पाय चोळत बांधावर बसले असताना मला स्वच्छ कळलं, की त्याने ती वाजवली नसती तर तो मला कधीच आवडला नसता. राग आणि ते – दोन्ही एकाच वेळी छातीत शिरलं. आधी कशाला बाहेर काढावं, कळेना.

*

बुधवारी त्याचा दुसरा लेख आला. मथळा होता – ‘मी चुकलो’. कापूस कधी फुटतो आणि तारखा कोण ठरवतं, हे त्याने सरळ लिहिलं होतं. झोनची लढत शुक्रवारी ठेवा, त्या दिवशी त्या भागात बाजार असतो, वेचणी बंद असते, एवढी एकच मागणी केली होती. आणि खाली – ‘अकोला झोनची विजेती टीम ज्यांच्याकडून वावरात हरली, त्या मुली अजून कोणी पाहिलेल्याच नाहीत.’

मी कॉलेजपुढच्या फोनच्या डब्यात रुपया टाकला आणि त्याच्या पेपरचा नंबर फिरवला.

“हरलो ते लिहाची काय गरज व्हती?”

“कोन बोलून राह्यलं?” त्याला पक्कं माहीत होतं.

“तुयी हितशत्रू.”

“खोटं लिहू काय मंग?”

“…नाई.”

“मंग?”

“रागावू दे ना मले उलीसक!” मी म्हणाले. पलीकडे तो हसत होता. रुपया संपला तरी मी फोन कानालाच धरून उभी होते.

खुशालराव सरांनी शुक्रवार दिला. आमच्या क्रीडाशिक्षकांनी झोनचा संघ करायला मला बसवलं. वच्छलाच्या कॉलेजचीही नोंदणी झालेली होती, तिच्या टीममधल्या मुली घ्यायला कोणाची आडकाठी नव्हती. आजवर ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

“पुढं कोण खेळेल? नऊ नंबर?” आमच्या सरांनी विचारलं.

तो नंबर माझा होता. आमचा झोन भारी आहे हे सिद्ध करायचं, तर त्यातली सगळ्यात भारी मी नाही, हेही सिद्ध होणार होतं. हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? मला आरडाओरडा करावासा वाटला. मी म्हणाले, “वच्छला.”

*

शुक्रवारी अमरावतीच्या मैदानावर आम्ही दोन-एक जिंकलो. अमरावतीच्या पोरी खरंच चांगल्या होत्या, कुंदन त्यांच्याबद्दल खोटं बोलला नव्हता. पण वच्छला उसन्या बुटांत खेळली आणि दोन्ही गोल तिचे. शेवटची काही मिनिटं मला आत घेतलं. दुसऱ्या गोलचा पास मी दिला.

खुशालराव सरांनी पुन्हा चष्मा पुसला आणि अकोल्याच्या आठही जागा परत दिल्या. मग नावं वाचली. वच्छला. तुबा. वच्छलाच्या टीममधल्या आणखी दोघी. आमच्या आणखी चौघी. मी ऐकत राहिले. आठ नावं झाली आणि सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

नववी मी होते.

वच्छलाने मला घट्ट मिठी मारली. तिच्या अंगाला घामाचा आणि कापसाचा वास होता. मी तिला म्हणाले, “कोट मले एकदा घालून पाहू देजो,” आणि मग मात्र मला रडू कोसळलं. रागाचंच होतं ते. वच्छलावर नव्हे, कुंदनवरही नव्हे. दरवर्षी पांढऱ्या वावरात राहून गेलेल्या पोरींसाठी, आणि माझ्या आरशासाठी.

परतताना बडनेऱ्याच्या त्याच बाकावर कुंदन बसला होता. शेजारी संत्र्यांची पिशवी. तुबाने पिशवी उचलली आणि सगळ्या पोरींना घेऊन प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला गेली. शांत माणसांना सगळं कळतं.

“मी लिहितो,” तो म्हणाला. “तुयाच पासवर गोल झाला. नववी कशी काय? एक जागा वाढवा म्हन्तो खुशालराव सरायले. मी –”

“खबरदार!” मी म्हणाले. “मले बाय नको.”

त्याने लिहायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

“सारे मले सोडून देतेत,” मी म्हणाले. आवाज हलत होता, हलू दिला. “पोरगी हाय म्हनून, चिडते म्हनून, जाऊ दे म्हन्तेत. एक तूच शिट्टी वाजवली. आता तूबी बाय देऊन राह्यला तं… तं मी कोनासंगं खेळू?”

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांचं नंतर सांगते म्हटलं होतं. ते बाजूला न वळणारे डोळे होते. समोरच्याकडे बघायचे तर बघायचे.

“नाई लिहीत,” तो म्हणाला. “पुढच्या साली तूच घे कोट. मी सरावाले येईन. गोलमंधी उभा राह्यतो. एकबी सोडनार नाई.”

“सोडला तं तोंड नाई पाह्यनार.”

“अन्…” तो सोललेली बोटं चोळत म्हणाला. जखमा अजून भरल्या नव्हत्या. “तुयासंगं भांडल्याबिगर मले आजकाल गमत नाई, गीतांजली.”

हे तो इतकं घाबरून म्हणाला, की मला त्याचाही थोडा राग आला. “मंग भांड ना! मी कुठं नाई म्हन्तलं?”

पॅसेंजर लागली. मी चढले, दारात उभी राहिले. गाडीने धक्का दिला. त्याने खालून हात वर केला, तोंड उघडलं –

“बा –” आणि मधेच थांबला. ओठ मिटले. मग आपल्याकडे निरोप घेताना म्हणतात ते म्हणाला. “येतो.”

गाडी हलली. तो तिथेच. हात वर, भुवईतली खूण, केसांत अजूनही कुठून तरी आलेला कापूस.

“येतो म्हनून उभाच राह्यला काय?” मी ओरडले.

तो धावला. मी हात पुढे केला आणि तो दारात चढला, धापा टाकत, हसत. सगळ्या पोरींनी अख्खा डबा डोक्यावर घेतला.

“तिकीट?” मी विचारलं. हात मात्र सोडला नव्हता.

“नाई काढलं. टीसी देईन सोडून…”

“काई नाई देत सोडून. मूर्तिजापूरले उतरून पहिले तिकीट काढजो. आपल्याले बाय नको.”

“आपल्याले?” तुबा संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी आत सरकून कुंदनला खिडकीशी जागा करून दिली, आणि अमरावतीच्या बचावात नेमकी कुठे खोट आहे, यावरून त्याच्याशी भांडायला सुरुवात केली.